बुडबुडा

सूक्ष्मदर्शक, नग एक. किंमत तीन हजार दोनशे.
डेड स्टॉक रजिस्टर, पान अकरा, खाली माझी सही.
सातवी ब, पटावर सत्तेचाळीस,
आणि कपाटाची किल्ली टेंबुलकरमामांच्या कमरेला.

मामा म्हणाले, बाई, फुटलं तर पगारातून.
मी म्हणाले, फुटू दे, एकदा पोरांना दिसू तर दे.
खरं तर असलं काही म्हणाले नाही.
म्हणाले, जपून वापरते,
आणि टेकडीवर काठोकाठ भरलेली कळशी न्यावी
तसं ते दुसऱ्या मजल्यावर नेलं.

विक्रोळी पार्कसाइट. आमच्या खिडकीत उजेड
साडेअकराला येतो, समोरच्या टॉवरला वळसा घालून,
उशीर झालेल्या मुलासारखा, कारण न सांगता.
त्याच्यासाठी मी गणिताशी तास बदलून घेतला.

कांदा मुलांनी आणायचा होता.
सत्तेचाळीस घरांतून एक आला.
अश्लेषा डोईफोडेने आणला,
वर्तमानपत्रात गुंडाळलेला, अर्धा.
पहाटे चारला ती आईबरोबर
भज्यांच्या गाडीसाठी दहा किलो सोलते.

मी चिमट्याने पापुद्रा ओढत होते,
तो फाटत होता.
"असा नाही, बाई."
आणि तिने नखाने, न बघताच,
असा सोडवला की काचपट्टीवर ठेवला
तरी काच रिकामीच वाटावी.

आयोडीनचा थेंब. वर पातळ काच.
मग रांग, एकेकाला वीस सेकंद.
दिसलं? दिसलं बाई.
काय दिसलं? पेशी बाई.
प्रज्योतने भिंगावरचाच डोळा मिटला होता,
त्यालाही दिसली. केंद्रकासकट.

अश्लेषा वाकली ती उठेचना.
मागे ढकलाढकल, वर घंटा,
मामा दारात किल्ली वाजवत उभे.
"बाई, विटा आहेत.
पण एका जागी भिंतीला भोक आहे.
गोल. काळ्या काठाचं."
असेल, म्हटलं मी. चल, पुढची.

प्रश्न चौथा, गुण तीन:
कांद्याच्या पापुद्र्यातील पेशींची
नामनिर्देशित आकृती काढा.
सेहेचाळीस उत्तरपत्रिकांत एकच कांदा,
पुस्तकातला, पट्टीने आखलेला.
सत्तेचाळिसावीत विटा वाकड्या,
तीन पेशींना केंद्रकच नाही,
आणि मधोमध एक वर्तुळ,
शिसपेन जिभेला लावून गिरवलेली जाड कड.
त्यालाही बाण होता. बाणापुढे नाव:
"माहीत नाही".

बाणावर मी लाल फुली मारली.
दीड.

एप्रिलअखेर पडताळणी.
साहेब यायच्या आत काचा धुऊन मोजत बसले होते.
ओल्या पट्टीवर पातळ काच हातातून सपाट पडली,
आणि खाली अडकला हवेचा एक गोल थेंब.
सहज भिंगाखाली धरला.

गोल. काळ्या काठाचा.

काच तिरकी टेकवावी, सावकाश सोडावी,
नाहीतर हवा अडकते:
हे मीच फळ्यावर लिहिलं होतं, अधोरेखित करून,
आणि त्या दिवशी मीच
मामांच्या किल्लीकडे बघत ती धप्पकन टाकली होती.
पोरीने माझी घाई काढली होती,
अगदी मापात.
सेहेचाळीस जणांना ती दिसली नाही,
मलाही नाही.

गठ्ठे सुतळी बांधून ऑफिसात गेलेले.
गुणपत्रकावर मुख्याध्यापकांची सही झालेली.
साहेबांनी रजिस्टर पुढे सरकवलं,
शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं: सुस्थितीत.
तो रकाना तेवढाच रुंद आहे.

जूनपासून ती आठवीला, खालच्या रस्त्यावरच्या शाळेत.
तिथे सूक्ष्मदर्शक आहे का,
असला तर किल्ली कुणाकडे,
आणि ती वाकली की तिला
किती वेळ वाकू देतात,

माहीत नाही.